मिनिटताईच्या वह्या

माझ्या थोरल्या जावेला पंपावर सगळे मिनिटताई म्हणत. हे नाव काही तिला कौतुकानं मिळालेलं नव्हतं. पंप बंद करायची वेळ आली की ती मनगटावरच्या घड्याळाकडे आणि भिंतीवरच्या प्रेशर मीटरकडे आळीपाळीनं बघत उभी राहायची. मागून कुणी "ताई, चहा आलाय" म्हणालं की मान न वळवता सांगायची, "एक मिनिट." ते एक मिनिट कधी चार मिनिटांचं व्हायचं, कधी सहा. चहावर साय धरायची. एक दिवस कुणीतरी वैतागून म्हणालं, "बसा आता, मिनिटताईचं मिनिट संपेपर्यंत," आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

आम्ही दोघी एकाच घरात नांदलो. ती खाली, मी वर. जावाजावांचं पटत नाही म्हणतात, पण आमचं पटलं. त्याचं एक कारण असं की भांडायला ती घरात असायचीच कुठे? तिचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर, बेकरीत कामाला. ते दुपारी घरी यायचे तेव्हा ही ड्यूटीवर, आणि ही यायची तेव्हा ते झोपलेले. भाऊजी म्हणायचे, "आमचा संसार म्हणजे दोन पाळ्यांचा कारखाना. मशीन एकच, कामगार वेगवेगळे."

पंपहाऊस नदीकाठी होतं. उंच छताची एकच लांब खोली, तीन हिरवे पंप, तेलाचा वास आणि कानाला दडे बसतील असा आवाज. नदीचं पाणी इथून उचलायचं, सात किलोमीटर लांबीच्या पाइपातून एका टेकडीच्या खांद्यावरून न्यायचं आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या टाकीत टाकायचं. निम्मं गाव त्या टाकीवर जगायचं.

ताई चोविसाव्या वर्षी तिथं लागली. पंपावर आलेली पहिली बाई. तिला शिकवायला एक जुने फिटर होते, त्यांना सगळे वस्ताद म्हणत. बुटके, रुंद, एका कानानं कमी ऐकणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला एक रजिस्टर दिलं. दर तासाला प्रेशर, करंट, बेअरिंगचं तापमान लिहायचं. आठ दिवसांत ताई कंटाळली. प्रेशर सकाळी सातला साडेसहा किलो, आठला साडेसहा, नऊला साडेसहा. तिच्या पाळीतला एक ऑपरेटर तर दिवसभराची रीडिंग सकाळीच लिहून मोकळा व्हायचा, आणि खरं सांगायचं तर त्याची चुकायचीही नाहीत.

वस्ताद हसले. म्हणाले, "चाललेला पंप गाढवालाही सांभाळता येतो, पोरी. चालू करताना आणि बंद करताना माणूस लागतो. तेवढी दहा मिनिटं शिकून घे, बाकीचे तास तो स्वतःच चालतो."

त्यांनी तिला व्हॉल्व्हचं मोठं चाक कसं फिरवायचं ते शिकवलं. बंद करताना चाळीस फेरे. घाई करायची नाही. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. "पाण्याला राग येतो," एवढंच म्हणायचे.

तिच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ती गोष्ट घडली. त्या दुपारी फोन मी केला होता. ताईची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिला ताप होता म्हणून माझ्यापाशी ठेवलेली. अडीचच्या सुमारास तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मी घाबरून पंपावर फोन लावला आणि ओरडले, "ताई, लेकीला झटका आलाय, लगेच ये."

वरची टाकी भरत आली होती, पंप बंद करायचाच होता. ताईनं चाक धरलं आणि गरागरा फिरवलं. पंपाचं बटण दाबलं. सगळं शांत झालं. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली. वस्ताद व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरले, त्याच्या गळणाऱ्या भागाला जरा पाना लावावा म्हणून. ताई सांगते, त्या शांततेत तिला वाटलं, चला, सुटलो. आणि मग जमिनीखालून कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला. पाइपचा जोड फुटला. मांडीएवढी जाड पाण्याची धार वस्तादांना उचलून भिंतीवर आपटून गेली.

मुलगी संध्याकाळपर्यंत खेळायला लागली. वस्तादांचा उजवा खांदा मात्र गेला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर कधी उचलला गेला नाही. चाक फिरवणं संपलं. उरलेली नोकरी त्यांनी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत काढली.

चौकशी झाली. चौकशी करणारा अधिकारी सभ्य माणूस होता. ताई त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, माझ्यामुळे झालं. मी व्हॉल्व्ह फार लवकर बंद केला."

त्यानं रजिस्टर उघडलं. दोन वाजता प्रेशर साडेसहा. तीन वाजता : पंप बंद.

"इथं तर सगळं नॉर्मल दिसतंय, बाई."

"ते दोन आणि तीनच्या मधे झालं, साहेब."

"मधलं कुठं लिहिलंय?"

मधलं कुठंच लिहिलेलं नव्हतं. अहवालात आलं : जुना जोड, नैसर्गिक झीज. ताईवर कसलाही ठपका नाही.

आम्हाला वाटलं, देव पावला. भाऊजींनी सांगितलं, मी सांगितलं, वस्तादांच्या बायकोनंसुद्धा घरी येऊन सांगितलं, की पाइपच जुनी होती, तुझा काय दोष? दर वेळी ताई ऐकून घ्यायची आणि आणखी गप्प व्हायची. मला तेव्हा ते कळत नव्हतं. दुखतंय म्हणणाऱ्याला आम्ही सगळे मिळून "नाही गं, दुखत नाहीये" असं सांगत होतो.

महिनाभरानं तिनं मोठ्या काट्यांचं एक मनगटी घड्याळ घेतलं आणि लेकीच्या वह्यांतली एक वही मागून घेतली. पंप चालू करताना किंवा बंद करताना ती मीटरसमोर उभी राहायची आणि दर पाच सेकंदांनी सुई कुठे आहे ते वहीकडे न बघता पेन्सिलीनं लिहायची. तिचं अक्षर आधीच कोंबडीचे पाय, त्यात हे. घरी आल्यावर ती ते दुसऱ्या पानावर नीट उतरवून काढायची. वर तारीख, चाकाचे फेरे, किती वेळ लागला. कधी अचानक वीज गेली आणि पंप आपोआप थांबला तर तेही. त्यासाठी बाकी सगळं सोडून मीटरकडे धावायची.

"कुणासाठी लिहितेस गं?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मधलं कुठंतरी लिहिलेलं असू दे."

एकोणीस वर्षं. अकरा वह्या.

तेवढ्या काळात तिच्या लक्षात काय काय आलं म्हणता! चाकाचे पहिले तीस फेरे कसेही फिरवले तरी सुईला फारसा फरक पडत नाही. सगळा खेळ शेवटच्या दहांत आहे. ते घाईत फिरवले तर सुई आधी खाली पडते. माणसाला वाटतं, संपलं. आणि चौदा सेकंदांनी ती उसळून वर येते. पुन्हा चौदा सेकंदांनी खाली, पुन्हा वर, दर वेळी थोडी कमी. तीन-चार मिनिटांनी दमून एका जागी थांबते. चौदाच का, तिला ठाऊक नव्हतं. तिनं एकदा थोरल्या साहेबांना विचारलंही. ते पंपहाऊसचे प्रमुख, वाईट माणूस नव्हते, पण कामाच्या ओझ्याखाली वाकलेले. म्हणाले, "ताई, तुम्ही तासाची रीडिंग वेळेवर घ्या, मी तुमचा आभारी आहे."

मग नवे पंप आले. गाव वाढलं होतं. जुने काढून दीडपट पाणी उचलणारे तीन पंप बसवायचे, व्हॉल्व्हला मोटर लावायची, चाक फिरवायची भानगडच नको. बटण दाबलं की वीस सेकंदांत व्हॉल्व्ह बंद. पहिला पंप बसला, दुसरा बसला, आणि त्या कामावर देखरेखीला एक इंजिनीअरबाई आल्या. तिशीच्या आतल्या, केस बांधायलाही फुरसत नसलेल्या, सदा काहीतरी शोधत असल्यासारख्या.

ताई दोन दिवस त्यांच्या मागेपुढे घुटमळली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, वीस सेकंद फार कमी आहेत."

"कशावरून, ताई?"

दुसरं कुणी असतं तर हा प्रश्न तोंड बंद करायला विचारलेला असता. बाईंनी खरंच विचारला होता. ताई दुसऱ्या दिवशी अकरा वह्या कापडी पिशवीत घालून घेऊन गेली.

बाईंनी पहिली वही उभ्यानंच उघडली. मग स्टुलावर बसल्या. मग जमिनीवर बसून वह्या भोवताली पसरल्या. जेवणाचा डबा तसाच राहिला. चार वाजता त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा, ताई सांगते, हरवलेला दागिना सापडल्यासारखा झाला होता.

"ताई, हे चौदा सेकंद म्हणजे काय माहीतेय? पाणी थांबलं की त्याचा धक्का पाइपातून पुढे जातो, सेकंदाला साधारण एक किलोमीटर. सात जायला, सात यायला. तुम्ही घड्याळ लावून पाइपची लांबी मोजलीत!"

ताईला हसू आलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या वहीत काय लिहिलंय ते तिलाच वाचून दाखवत होतं.

बाई सांगत गेल्या. कॉलेजात हे शिकवतात, त्यावर परीक्षाही देतात. पण प्रत्यक्षात हिशेब होतो तो पंप सुरळीत चालू असतानाचा. पाइप किती जाड हवी, जोड किती ताकदीचा, सगळं त्या साडेसहावर ठरतं. चालू ही एक अवस्था, बंद ही दुसरी. एका अवस्थेतून दुसरीत जाताना पाणी जो धुमाकूळ घालतं तो कुणी मोजलेलाच नव्हता. या पाइपलाइनवर तर नाहीच.

तेव्हा ताईनं त्यांना ती दुपार सांगितली. सगळी.

बाईंनी "तुमचा काय दोष" असं म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "जुना व्हॉल्व्ह अजून तिसऱ्या पंपावर आहे ना? पंप बंद आहे. चाक त्या दिवशी फिरवलं तसं फिरवून दाखवाल? मी वेळ मोजते."

ताई खड्ड्याच्या कडेला जाऊन चाक धरून उभी राहिली. पहिल्यांदा तिनं सावकाश फिरवलं. दुसऱ्यांदाही. हाताला सवयच ती लागलेली. "असं नाही, ताई. मुलगी आजारी आहे, तुम्हाला घरी जायचंय," बाई हळूच म्हणाल्या. तिसऱ्यांदा ताईनं ओठ दाबून चाक गरागरा फिरवलं आणि संपल्यावर तिथंच टेकून बसली. दम लागला होता. बाईंनी घड्याळ बघितलं. शेवटचे दहा फेरे, आठ सेकंद.

दोन दिवसांनी त्या आकडेमोड करून आल्या. ताईला बाजूला घेतलं.

"मी तीनदा तपासलं. तुम्हाला बरं वाटेल असं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. पण हो, ताई. जोड तुमच्या घाईमुळेच फुटला. प्रेशर सोळाच्या वर गेलं असणार. तेवढं तर नव्या जोडालाही झेपलं नसतं."

त्या संध्याकाळी ताई घरी आली, स्वयंपाकघरात माझ्या शेजारी पाटावर बसली आणि रडली. मी घाबरले. तर म्हणते, "अगं, बरं वाटतंय. एक माणूस तरी म्हणालं, हो."

रविवारी ती बाईंच्या हिशेबाचा कागद घेऊन वस्तादांकडे निघाली. एकटीनं जायचा धीर नव्हता, म्हणून मला बरोबर घेतलं. वस्ताद आता सत्तरीच्या पुढचे, बाल्कनीत खुर्चीवर बसलेले. ताईनं त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला.

त्यांनी कागद डाव्या हातानं लांब धरून पाहिला. म्हणाले, "एवढा मोठा हिशेब कशाला? माझ्या खांद्याला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

वस्तादांनी कागद परत तिच्या हातात दिला. "फोन आल्यावर तुला कोण म्हणालं, आटप लवकर, बंद कर आणि पळ? मी म्हणालो. आणि पाणी अजून हलत असताना त्या खड्ड्यात कोण उतरलं? तीस वर्षांची नोकरी झालेला माणूस. तुझ्यासमोर बसून कुठल्या तोंडानं बोलू?"

ताईला ते "आटप लवकर" आठवतच नव्हतं. तिच्या आठवणीत सगळी घाई तिची एकटीची होती. वस्तादांच्या आठवणीत ती सगळी त्यांची. दोघं एकमेकांना टाळत एकाच गावात एकोणीस वर्षं राहिले होते. वस्तादांच्या बायकोनं चहा आणला. वस्ताद डाव्या हातानं कप उचलत म्हणाले, "तू त्या वह्या लिहीत होतीस हे मला स्टोअरमध्ये कळलं होतं. पेन्सिली तुला मीच पाठवायचो."

"त्या ऑफिसच्या नव्हत्या?"

"ऑफिस कधी कुणाला पेन्सिल देतं का?"

पण गोष्ट तिथं संपली नाही, कारण नवे पंप तसेच उभे होते. व्हॉल्व्हचा वेळ वाढवणं सोपं होतं. बाईंनी तो वीस सेकंदांवरून चार मिनिटांवर नेला, शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. अवघड होती ती वीज जाण्याची भानगड. वीज गेली की पंप दोन-तीन क्षणांत थांबतो, तिथं ना ताईचा हात पोचतो ना मोटरचा. वह्यांत अशा बासष्ट नोंदी होत्या. दर वेळी सुई शून्यावर पडून तिथंच वीस-पंचवीस सेकंद चिकटून राहिलेली, आणि मग एकदम उसळलेली. बाई म्हणाल्या, तेवढ्या वेळात टेकडीच्या खांद्यावर पाण्याचा दोर तुटत असणार, आणि तुटलेली टोकं परत एकमेकांवर आदळत असणार. जुन्या पंपांचा धक्का पाइपनं कसाबसा सोसला. दीडपट पाण्याचा सोसणार नाही. उपाय होता : पंपांजवळ एक मोठी बंद टाकी बसवायची, वर दाबलेली हवा, खाली पाणी. पंप अचानक थांबला की ती हवा टाकीतलं पाणी लाइनीत ढकलत राहते आणि दोर तुटू देत नाही.

तोवर चाचणी होऊन गेली होती. तीन दिवस पंप अखंड चालले, सुई साडेसातवरून तसूभर हलली नाही. थोरले साहेब खूश. ताबा घेण्याच्या कागदावर पाळीप्रमुख म्हणून ताईची सही हवी होती.

"मी नाही करणार, साहेब."

"अहो, बहात्तर तास ठणठणीत चाललेत!"

"चाललेत. अचानक थांबवून कुठं बघितलेत?"

साहेब चिडले. पहिल्यांदाच आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी आमच्या घरी शेजारपाजारचे लोक यायला लागले, कारण एकट्या जुन्या पंपावर पाणी दिवसाआड झालं होतं आणि बातमी अशी पसरली होती, की मिनिटताईनं नवे पंप अडवलेत. एका बाईनं तर रिकामी बादली आमच्या दारात आणून ठेवली. भाऊजींनी ती आमच्या वाटणीच्या पाण्यानं भरून तिच्या घरी पोचवली आणि येऊन म्हणाले, "तू सही करू नकोस. मी आंघोळ बेकरीत करीन." ताई म्हणाली, "तुम्ही एरवी तरी कुठं रोज करता?" बऱ्याच दिवसांनी त्या घरात हसणं ऐकू आलं.

इंजिनीअरबाईंनी वह्यांवरून आलेख काढले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी ते दोन दिवस पाहिलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी पाहिले आणि ताईला बोलावलं. "ही दहाव्या वहीतली नोंद. शून्यावरून तेरा. त्या दिवशी मी इथंच होतो?"

"होतात, साहेब. तुम्ही म्हणालात, कसला आवाज झाला."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. टाकीची मागणी त्यांनी त्याच दुपारी पाठवली. ती यायला पावणेतीन महिने लागले, आणि ते महिने गावानं ताईला बरंच ऐकवलं. तेही खरं.

टाकी बसल्यावर मुद्दाम वीज तोडून बघायचं ठरलं. त्या दिवशी मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी घेऊन गेले. सगळ्यांना खड्ड्यापासून लांब उभं केलं होतं. साहेबांनी स्वतः मुख्य स्विच पाडला. पंप घरघरत थांबले. इतकी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. सुई खाली यायला लागली : सहा, पाच, सव्वाचार. चारच्या जरा वर सुई थबकली आणि आळस दिल्यासारखी वर निघाली. आठ. परत खाली, पावणेपाच. परत वर. सहा-सात मिनिटांनी ती सहावर येऊन स्थिरावली. घणाचा आवाज झालाच नाही.

साहेबांनी आपलं पेन ताईपुढे धरलं. तिनं सही केली, तीही त्याच कोंबडीच्या पायांत.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना तिला दुसऱ्या पंपहाऊसांतल्या लोकांना शिकवायला पाठवू लागले. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. पहिल्या वर्गाच्या आदल्या दिवशी भाऊजींनी तिला ब्रेडच्या ट्रेसमोर उभी करून भाषणाची तालीम करवली. पण तिथं गेल्यावर ती ते पाठ केलेलं सगळं विसरली. पंचवीसएक माणसं, बरीचशी पेंगुळलेली. ती म्हणाली, "मी एक लाइन फोडली होती. माझ्यामुळे एका माणसाचा खांदा गेला. कशी फोडली ते सांगते."

पेंगणारी डोकी वर झाली. मग मागच्या बाकावरचा एक पिकल्या केसांचा ऑपरेटर खाली बघत पुटपुटला, "मी दोन फोडल्यात."

ताईनं त्याला पुढं येऊन बसायला सांगितलं.